पटलं आणि पटवलं

निशी-कासाईहून तोझाई लाइनने दोन स्टेशनं पुढे आलात की उरायासु. मध्ये जुनी एदोगावा नदी लागते. ती ओलांडली की टोकियो संपतं आणि चिबा सुरू होतं. गेली बारा वर्षं आम्ही इथे राहतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना उरायासु म्हटलं की काही बोध होत नाही, पण "डिस्नेलँड आमच्याच गावात आहे" असं सांगितलं की आमचा भाव एकदम वधारतो. पाहुण्यांबरोबर आजवर किती वेळा तिथे जाऊन आलो ते मोजणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

या लेखाचं निमित्तही डिस्नेलँडच आहे. आमच्या ऑफिसात मध्यंतरी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, ग्राहकाला आपलं म्हणणं कसं पटवून द्यावं. आमच्या धंद्यात अर्धा वेळ काम करण्यात जातो आणि अर्धा वेळ ते काम का करायला हवं हे समोरच्याला पटवण्यात, त्यामुळे विषय महत्त्वाचाच होता. प्रशिक्षकाने फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि तीन कोपऱ्यांत तीन शब्द लिहिले: तर्क, भावना, विश्वासार्हता. मला हसू आलं. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एम.एस. करताना एका प्राध्यापकांनी हाच त्रिकोण काढला होता. तंत्रज्ञान दर पाच वर्षांनी बदलतं, पण हा त्रिकोण काही बदललेला नाही.

मग प्रशिक्षकाने उदाहरण दिलं ते उरायासुचं. १९७४ सालच्या डिसेंबरात डिस्ने कंपनीचे अधिकारी जपानला जागा बघायला आले. एका बाजूला फुजी पर्वताच्या पायथ्याची जागा आणि तिच्यामागे मित्सुबिशीसारखा बलाढ्य समूह. दुसऱ्या बाजूला उरायासुच्या समुद्रात नुकतीच भर घालून केलेली सपाट, ओसाड जमीन. तरीही जिंकलं उरायासु, आणि ते एका अप्रतिम प्रेझेंटेशनमुळे. त्यात तर्क होता, भावना होती, विश्वासार्हताही होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, गावाचा अभिमान म्हणून जरा जोरातच.

घरी येताना मात्र काहीतरी खटकत होतं. गोष्ट खोटी नव्हती, पण अर्ध्यातून सुरू झालेली होती. ती भर घातलेली जमीन आली कुठून? तिथे आधी काय होतं, आणि ज्यांचं ते होतं त्यांना कोणी, काय आणि कसं पटवलं? ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली तर त्या त्रिकोणाचं काय होतं, ते तपासून बघावं असं वाटलं. प्रस्तुत लेख म्हणजे तीच चिकित्सा आहे. गोड मानून घ्यावी.

त्रिकोणाचा मूळ मालक

आधी त्रिकोणाविषयी थोडं. तो ॲरिस्टॉटलचा, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटलं आहे की वक्त्याच्या हातात पटवण्याची तीन साधनं असतात. एक, बोलण्यातली युक्ती आणि पुरावा. दोन, श्रोत्याच्या मनात निर्माण होणारी भावना. तीन, बोलणाऱ्याचं शील, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवावा असं वाटणं. यांतलं तिसरं साधन जवळजवळ सर्वांत प्रभावी, असंही तो सांगतो.

इथपर्यंत सगळे प्रशिक्षक बरोबर असतात. पुढचं ते गाळतात. ॲरिस्टॉटलच्या मते हा विश्वास वक्त्याच्या आधीच्या नावलौकिकातून नव्हे, तर त्याच्या बोलण्यातूनच निर्माण व्हायला हवा. आणि त्यासाठी वक्त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात: शहाणपण, सचोटी आणि श्रोत्याविषयी सद्भाव. आपण काय करतो? पहिल्या स्लाइडवर कंपनीचा इतिहास, किती देशांत शाखा, कोणकोणती सर्टिफिकेटं. शहाणपणाचा पुरावा झाला. सचोटी गृहीत धरलेली असते. सद्भावासाठी स्लाइड नसते.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रानेही हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला आहे. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवावा? तर तो शब्द 'आप्ता'चा असेल तेव्हा. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. गंमत बघा, मराठीत येईपर्यंत या शब्दाचा अर्थ नातेवाईक असा झाला. लग्नपत्रिकेत आपण 'आप्तेष्ट' छापतो ते हेच. ज्याच्या शब्दावर विसंबावं तो घरचा माणूस, असं आपल्या भाषेने मानलं. (प्रत्येक नातेवाईकाला हे लागू पडतं की नाही, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या घरी सोडवावा.)

असो. आता उरायासुकडे वळू.

काळं पाणी

उरायासुच्या नेकोझाने भागात गावाचं एक वस्तुसंग्रहालय आहे. ते २००१ साली सुरू झालं, आणि प्रवेश फुकट आहे. अंगणात १९५२ सालच्या सुमाराचं उरायासु उभं केलं आहे: लाकडी घरं, दुकानं, पाण्याचा कालवा आणि त्यात 'बेका' नावाच्या चिंचोळ्या होड्या. एका माणसाने वल्हवायची होडी, तिच्यातून उथळ समुद्रात जाऊन नोरी, म्हणजे समुद्री शेवाळ, गोळा करायचं. असारी आणि हामागुरी या शिंपल्या हा गावाचा दुसरा आधार. आपण मिसो सूपमध्ये ज्या लहान शिंपल्या खातो, त्यांवर हे गाव जगत होतं. डिस्नेलँडला दहा वेळा गेलेल्या मंडळींनी एकदा इथेही जाऊन यावं.

१९५८ च्या एप्रिलमध्ये नदीच्या वरच्या अंगाला, एदोगावाकाठच्या होन्शू पेपरच्या कारखान्यातून काळं सांडपाणी वाहू लागलं. मासे आणि शिंपल्या मरू लागल्या. कोळ्यांनी तक्रारी केल्या, कारखान्याशी बोलणी केली. १० जून १९५८ रोजी उरायासुचे शेकडो कोळी टोकियोत संसदेकडे आणि महानगर शासनाकडे निवेदनं घेऊन गेले. तिथून परतताना ते कारखान्यात घुसले, पोलिसांशी झटापट झाली आणि शंभराहून अधिक माणसं जखमी झाली. इथे ही घटना 'काळ्या पाण्याचं प्रकरण' म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानच्या संसदेने पाण्याच्या प्रदूषणाविषयीचे दोन कायदे केले. देशपातळीवरचे अशा प्रकारचे हे पहिलेच.

आता त्रिकोण लावून बघा. कोळ्यांकडे तर्क होता का? त्याहून सरळ तर्क असूच शकत नाही. पाणी काळं झालं आणि मासे मेले. पाणी कारखान्यातून येतं. तेव्हा ते थांबवा. भावना? पोटाचा प्रश्न होता, त्याहून खरी भावना कोणती असणार? विश्वासार्हता? न्यायशास्त्राच्या कसोटीने ते पक्के आप्त होते. त्या पाण्याला त्यांच्याहून जवळून ओळखणारा दुसरा कोण होता? म्हणजे तिन्ही कोपरे भरलेले होते. तरी जूनच्या त्या दिवसापर्यंत देशाने त्यांची दखल घेतली नाही. दखल घेतली ती डोकी फुटल्यावर.

त्रिकोणाची पहिली उणीव इथे दिसते. ॲरिस्टॉटलच्या डोळ्यांसमोर सभा आणि न्यायालय आहे. तिथे ऐकणारा आधीच येऊन बसलेला असतो, कारण ऐकणं आणि निर्णय देणं हेच त्याचं काम असतं. ज्याला ऐकायचीच गरज वाटत नाही त्याच्यापुढे तिन्ही साधनं बोथट होतात. कोळ्यांचं बोलणं कमी पडलं नव्हतं, त्यांना सभाच मिळाली नव्हती. प्रशिक्षणात आपल्याला बोलायला शिकवतात, ऐकायला कोणी शिकवत नाही.

आणखी एक. ते कायदे झाले, पण उद्योगांशी जुळवून घेण्याची काळजी त्यांत इतकी होती की १९७० साली त्यांच्या जागी नवा, कडक कायदा आणावा लागला. मधली बारा वर्षं समुद्र बिघडतच गेला.

साकेची गोष्ट

१९६० साली ओरिएंटल लँड ही कंपनी स्थापन झाली. केइसेइ रेल्वे आणि मित्सुई फुदोसान हे तिच्यामागचे प्रमुख. केइसेइचे अध्यक्ष चिहारू कावासाकी यांनी १९५८ साली अमेरिकेत डिस्नेलँड पाहिलं होतं आणि तसं काहीतरी जपानच्या मुलांसाठी हवं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण त्यासाठी जमीन हवी, जमिनीसाठी समुद्रात भर घालायला हवी, आणि भर घालायची तर कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडायला हवेत.

हे काम १९६१ साली मासातोमो ताकाहाशी यांच्याकडे आलं. त्यांची निवड का झाली, तर भरपूर दारू पिऊनही शुद्धीत राहणारा माणूस म्हणून, असं इथे मोठ्या कौतुकाने सांगतात. ते कोळ्यांच्या म्होरक्यांबरोबर बसले, त्यांच्याबरोबर प्यायले, त्यांचं ऐकलं. १९६२ साली कोळ्यांनी हक्कांचा काही भाग सोडला. १९६४ पासून भर पडू लागली. १९७१ साली उरलेले सगळे हक्कही सुटले. गावाचं क्षेत्रफळ साडेचार चौरस किलोमीटरच्या आत होतं, ते भर पूर्ण झाल्यावर सुमारे सतरा झालं, म्हणजे जवळजवळ चौपट. मी ज्या इमारतीत राहतो तिच्या पायाखाली तेव्हा समुद्र होता.

साकेची ही गोष्ट ऐकायला छान वाटते. माणूस माणसाशी बोलला, मनं जुळली, काम झालं. पण समीक्षकाच्या नजरेने पाहिलं तर ती एक मोठी गोष्ट झाकते. ताकाहाशी बोलायला बसले तेव्हा १९५८ होऊन तीनच वर्षं झाली होती. पाणी सुधारलेलं नव्हतं आणि पुढची दहा वर्षंही सुधारलं नाही. कोळ्यांच्या समोर पर्याय होता तो समुद्र ठेवणं की सोडणं असा नव्हता. मरणारा समुद्र ठेवायचा की नुकसानभरपाई घेऊन सोडायचा, असा होता. पटवण्याचं अर्धं काम काळ्या पाण्याने आधीच करून ठेवलं होतं. श्रेय मात्र साकेच्या पेल्याला मिळतं.

तरीही ताकाहाशींना मी नुसते चतुर म्हणून सोडून देणार नाही. नंतरच्या काळात भागीदारांचा डिस्नेलँडमधला उत्साह कमी होऊ लागला. जमिनीवर घरं बांधून विकणं सोपं आणि फायद्याचं होतं. तेव्हा ताकाहाशी अडून राहिले. ज्यांनी आपला समुद्र दिला त्यांना दिलेला शब्द पाळायचा, ही त्यामागची भावना होती असं सांगितलं जातं. १९६१ साली कामावर आलेला हा माणूस १९७८ साली कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १५ एप्रिल १९८३ रोजी डिस्नेलँडचं दार उघडलं. तब्बल बावीस वर्षं! त्यांची विश्वासार्हता मला साकेच्या बैठकीत दिसत नाही, ती या बावीस वर्षांत दिसते. बैठकीत त्यांनी विश्वास उसना घेतला होता, फेडला तो नंतर. म्हणूनच प्रेझेंटेशन संपल्याबरोबर 'विश्वास कमावला' म्हणणाऱ्यांची मला हल्ली भीती वाटते.

हेलिकॉप्टरची गोष्ट

आता प्रशिक्षकाची आवडती १९७४ ची गोष्ट. जाहिरात क्षेत्रातून आलेले तेइइचिरो होरी यांनी इम्पीरियल हॉटेलमध्ये डिस्नेच्या पाहुण्यांपुढे मांडणी केली. मुद्दा स्वच्छ होता. फुजीजवळची जागा सुंदर, पण टोकियोपासून लांब. उरायासु टोकियोच्या मध्यापासून दहाएक किलोमीटरवर, आणि आसपास कोट्यवधी लोकवस्ती. पाहुण्यांना हेलिकॉप्टरमधून ती वस्ती वरून दाखवली. जागेकडे जाताना बसमध्ये त्यांच्या आवडीच्या थंड पेयांची सोय होती, त्यामुळे रस्ता कळलाच नाही, असंही सांगतात. तर्क आणि भावना यांचा सुंदर मिलाफ. याबद्दल होरींचं कौतुक करायलाच हवं, आणि माझ्यासारख्या रोज स्लाइड बनवणाऱ्याने तर त्यांना मनोमन नमस्कार करावा.

पण पुढचे कागद बघा. अंतिम करार व्हायला ३० एप्रिल १९७९ उजाडलं. त्या करारात डिस्नेने स्वतःचं भांडवल घातलं नाही. प्रवेशाच्या उत्पन्नावर १० टक्के आणि खाद्यपदार्थ व वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के एवढं स्वामित्वधन मात्र ठरलं. सुमारे १८० अब्ज येनचा खर्च जपानी बाजूने उचलला. म्हणजे ज्यांना पटवण्यासाठी हेलिकॉप्टर उडवलं त्यांचा धोका सर्वांत कमी होता. ज्यांचा धोका सर्वांत जास्त होता, म्हणजे परत कधीच मिळणार नाही अशी गोष्ट जे देत होते, त्यांच्याविषयी आपण सांगतो ती गोष्ट साकेची.

माझा खरा आक्षेप इथे आहे. अमेरिकनांची गोष्ट सांगताना आपण नकाशे, अंतरं, लोकसंख्या सांगतो. कोळ्यांची गोष्ट सांगताना दारू आणि दोस्ती सांगतो. प्रत्यक्षात कोळ्यांनीही नुकसानभरपाईचा हिशेब केलाच असणार, आणि अमेरिकनही थंड पेयाने सुखावलेच असणार. पण आपल्या सांगण्यात तर्क वरच्यांच्या वाट्याला येतो आणि भावना खालच्यांच्या. समोरच्याला आपण किती लेखतो, ते आपण त्याच्यासाठी कोणतं साधन उचलतो त्यावरून कळतं.

या जमिनीचा तर्क पूर्णपणे तपासला गेला तो २०११ साली. ११ मार्चच्या भूकंपात उरायासुची सुमारे ८६ टक्के जमीन द्रवीभूत झाली. वाळू आणि पाणी वर आलं, रस्ते उसवले, मॅनहोल जमिनीबाहेर डोकावू लागले. जुनं गाव, म्हणजे कोळ्यांचं मूळ गाव, त्यातून वाचलं. डिस्नेलँडच्या मुख्य भागातली जमीन आधीच दाबून पक्की केलेली होती, त्यामुळे तिथे फारसं बिघडलं नाही. वाहनतळावर मात्र वाळू वर आली. जिथे मेहनत आणि पैसा खर्च करून पाया घट्ट केला होता तिथली जमीन टिकली. वाळूला प्रेझेंटेशन देता येत नाही.

आपल्याकडची गोष्ट

मी मूळचा पनवेलचा, त्यामुळे हे सगळं वाचताना मला खाडीचा वास येत होता. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणारे आगरी, कोळी आणि इतर शेतकरी. तिथेही तर्क भक्कम होता: मुंबई तुंबली आहे, नवं शहर हवं. नकाशे सुंदर होते. पण जमीन देणाऱ्याचा त्या नव्या शहरात वाटा काय, हा प्रश्न दि. बा. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं विचारत राहावा लागला. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आकाराला आली.

मी तेव्हा फार लहान होतो. पण आमच्या घरात 'साडेबारा टक्के' हा शब्द मी पाढ्यांच्याही आधी ऐकला असेन. माझे बाबा शिक्षक. ते म्हणायचे, "दि. बां.चं भाषण ऐकायला लोक जायचे ते भाषणासाठी नव्हे. हा माणूस उद्याही इथेच असणार आहे, हे त्यांना माहीत होतं." दि. बा. जासईचेच. न्यायशास्त्राचा आप्त आणि लग्नपत्रिकेतला आप्त, दोन्ही अर्थ एका माणसात. उरायासुत १९५८ ला जे घडलं आणि जासईला १९८४ ला जे घडलं त्यांत तपशिलाचा फरक पुष्कळ आहे, पण क्रम तोच: आधी सरळ मुद्दा, मग दुर्लक्ष, मग रक्त, मग कायदा किंवा योजना. मधल्या दोन पायऱ्या गाळता आल्या असत्या, जर कोणी वेळेवर ऐकलं असतं.

सेत्तोकु आणि नात्तोकु

हे सगळं मी एका जपानी सहकाऱ्याला सांगत होतो. तो म्हणाला, आमच्याकडे यासाठी दोन शब्द आहेत. 'सेत्तोकु' म्हणजे दुसऱ्याला पटवणं. 'नात्तोकु' म्हणजे स्वतःला पटणं. शेवटची कांजी दोन्हींत एकच, मिळवणं या अर्थाची. पण सेत्तोकु बोलणारा करतो आणि नात्तोकु ऐकणाऱ्याचं होतं.

मी त्याला म्हटलं, अरे, हे तर आमच्या मराठीत व्याकरणातच आहे! 'मी त्याला पटवलं' यात कर्ता मी. 'त्याला पटलं' यात मी कुठेच नाही. भूक लागते, झोप येते, तसं पटतं. ते ज्याचं त्याच्या आत होतं. शिवाय 'पटवणं' या शब्दाला कॉलेजच्या दिवसांपासून जो एक वास आहे, तो काही उगाच नाही.

त्रिकोण 'पटवलं'चं शास्त्र शिकवतो, आणि ते शिकायलाच हवं. मुद्देसूद बोलता न येणं हा काही सद्गुण नव्हे. आपली कितीतरी चांगली माणसं मिटिंगमध्ये गप्प बसून मागे राहतात. पण 'पटलं' होण्यासाठी समोरच्याला 'नाही' म्हणण्याची खरी मोकळीक हवी. ती नसेल तर जे होतं त्याला मान्यता म्हणावं, फार तर नाइलाज म्हणावं. १९७४ चे अमेरिकन फुजीला जाऊ शकत होते, म्हणून त्यांना पटलं असं म्हणता येतं. १९६२ च्या कोळ्यांविषयी मी तेवढ्या खात्रीने म्हणणार नाही.

दुसऱ्याच्या त्रुटी दाखवल्यावर स्वतःची सांगितली नाही तर समीक्षा अपुरी राहील. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे मी जुनी प्रणाली काढून नवी बसवली. साहेबलोकांना मी खर्चाचे तक्ते दिले. हिशेब विभागात वीस वर्षं त्या जुन्या प्रणालीवर काम करणाऱ्या बायकांसाठी मात्र एक छोटा समारंभ ठेवला: जुन्या प्रणालीला निरोप, केक, फोटो. त्या हसल्या, टाळ्या झाल्या. महिनाअखेरीचे हिशेब त्या प्रत्यक्षात कसे जुळवतात हे मी त्यांना नीट विचारलंच नव्हतं. पुढचे तीन महिनाअखेर त्या रात्री दहापर्यंत ऑफिसात होत्या, आणि मीही. वरच्यांना आकडे, खालच्यांना केक. होरींच्या आणि ताकाहाशींच्या गोष्टी मी इतक्या बारकाईने का वाचल्या, ते आता लक्षात आलं असेल.

आणि एक घरची गोष्ट. बाबा गेल्यावर आईने आमच्याकडे यावं असं मला वाटतं. पनवेलला ती एकटी असते. गेल्या दिवाळीत मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून बसलो होतो. इथली हॉस्पिटलं, व्हिसाची सोय, जवळ राहणारी मराठी कुटुंबं, गणपतीला जमणारी मंडळी, सगळं मुद्देसूद. मग नातीचा फोटो दाखवला. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "छान सांगतोस रे. बाबांसारखंच. पण मला काय हवंय ते विचारलंस कुठे?"

मी तिला पटवत होतो. तर्क, भावना, विश्वासार्हता, तिन्ही लावून. उरायासुत राहून, तो कालवा आणि त्या बेका होड्या बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं की मीही कोणाला तरी आपला किनारा सोडायला सांगतो आहे.

तेव्हापासून रविवारच्या फोनवर मी तो विषय काढत नाही. ती सांगते ते ऐकतो. अंगणातल्या अबोलीचं, शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांचं, नव्या विमानतळावरून जाणाऱ्या विमानांचं. मागच्या रविवारी तिने आपणहून विचारलं, "तुमच्याकडे थंडीत पाण्याला हात लावता येतो का रे?" मी तक्ता काढला नाही. गरम पाण्याचा नळ आहे, पण जानेवारीत हात गारठतात, असं जे आहे ते सांगितलं. "बघू," म्हणाली.

ती येईल की नाही, ठाऊक नाही. नाही आली तर आम्ही वर्षातून दोनदा जाऊ. आणि आली, तर डिस्नेलँडच्या आधी तिला नेकोझानेच्या वस्तुसंग्रहालयात नेणार आहे. ते पाणी आणि त्या होड्या बघून तिला बरं वाटेल असं मला वाटतं. अर्थात, आधी तिला विचारीन.